खापरपणजोबांचा शोध: आडनाव शेवटी, गाव आधी

एकोणिसाव्या शतकातला पूर्वज कागदोपत्री कसा शोधावा, याबद्दल आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : आमचे मूळ गाव वाई तालुक्यात, आडनाव कुलकर्णी. खापरपणजोबांचे नाव महादेव, जन्म १८५० च्या आसपासचा असावा, एवढेच ठाऊक आहे. गावात आता आमचे घर नाही, जमीनही नाही. निदान महादेवांच्या वडिलांचे नाव कळावे अशी इच्छा आहे. पेशवे दफ्तरापासून सुरुवात करावी का? (पुणे)

नको. पेशवे दफ्तर, म्हणजे पेशवेकालीन सरकारी कागदांचा संग्रह, हा प्रवासाचा शेवटचा मुक्काम. तिथले रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) दफ्तरांप्रमाणे आणि प्रांतांप्रमाणे लावलेले आहेत, आडनावांप्रमाणे नाहीत. 'महादेव कुलकर्णी आहेत का' असे विचारत गेलात तर दिवस फुकट जाईल आणि मोडीची धास्ती बसेल ती वेगळीच.

सुरुवात घरापासून करा. एका वहीत प्रत्येक पूर्वजासाठी एक पान घ्या: नाव, वडिलांचे नाव, जन्म, मृत्यू, गाव आणि शेवटी 'कशावरून' असा रकाना. हा शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा. 'आत्याने सांगितले', 'वाटणीपत्रावरून', 'छापील वंशावळीवरून' हे तिथल्या तिथे लिहिले नाही तर दोन वर्षांनी ऐकीव काय आणि लेखी काय हे तुमचे तुम्हालाच सांगता येणार नाही. मग ट्रंका उघडा. खरेदीखते, वाटणीपत्रे, दत्तकपत्र, जुन्या पावत्या हे तर पाहालच, पण पोथ्यांची शेवटची पाने चुकवू नका. 'हे पुस्तक अमक्याच्या मुलाने अमक्या शकात लिहून पुरे केले' अशी ओळ तिथे असते आणि तीत बापाचे नाव, कधी गावही मिळते. घराण्याच्या उपाध्यायांकडे श्राद्धाची यादी असेल तर ती मागा. पिता, पितामह, प्रपितामह अशा तीन पिढ्यांची नावे श्राद्धात उच्चारावीच लागतात. म्हणजे तुमच्या पणजोबांनी वापरलेली यादी हाती आली तर ती महादेवांच्या आजोबांपर्यंत नेते.

आता सरकारी कागद. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ साली झाला आणि गावोगावी त्याची नोंदवही टप्प्याटप्प्याने सुरू झाली. महादेव साठ-सत्तर वर्षे जगले असतील तर पहिल्या नोंदींच्या वेळी ते हयात होते, नाहीतर नुकतेच वारले होते. दोन्ही परिस्थितींत त्यांचे नाव वडिलांच्या नावासकट लिहिले गेले असण्याची शक्यता चांगली आहे. म्हणून शोधायचे ते गावच्या फेरफार रजिस्टरात (जमिनीच्या हक्कांतल्या बदलांची वही, गाव नमुना ६), क्रमांक १ पासून. जमीन विकली गेली म्हणून बिघडत नाही, जमिनीचा जुना इतिहास जमिनीबरोबरच राहतो.

फेरफार तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळतात. अनेक जिल्ह्यांचे जुने सात-बारा आणि फेरफार स्कॅन होऊन 'आपले अभिलेख' या शासकीय संकेतस्थळावरही आले आहेत, ते आधी पाहावे. कार्यालयात अर्ज करताना 'आमच्या घराण्याची सर्व जुनी कागदपत्रे मिळावीत' असे लिहू नका. अशा अर्जाला 'आढळून येत नाही' हेच उत्तर येते, आणि ते खोटेही नसते. गावाचे नाव, तेव्हाचा तालुका, सर्व्हे नंबर, कागदाचा प्रकार आणि साल असे नेमके लिहा, कोर्ट फी स्टँप लावा, आधी पाहणीची परवानगी मागा आणि पान सापडल्यावर नक्कल मागा. सर्व्हे नंबरची एक मेख आहे. जमिनीचे तुकडे जोडण्याच्या एकत्रीकरण योजनेनंतर ज्या गावांत गट पडले तिथे आजचा गट नंबर जुन्या कागदांत सापडणारच नाही. जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर यांचा मेळ घालणारा तक्ता तलाठ्याकडे किंवा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात पाहून घ्या.

वारसाची नोंद वाचताना आद्याक्षरांवर लक्ष द्या. 'ए.कु.क.' म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता. ज्याच्यापुढे हे आहे तो एकटा मालक नव्हे, त्याच्या मागे न लिहिलेले भाऊ असतात. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालन कर्ता, म्हणजे वारस लहान होता आणि जिचे नाव आहे ती बहुधा आई. शेतकरी घरांच्या नोंदींत 'रामा बिन विठू' म्हणजे विठूचा मुलगा रामा, आणि 'सखू कोम रामा' म्हणजे रामाची बायको सखू. 'भ्रतार' हा शब्दही नवऱ्याच्या नावाआधी येतो. ब्राह्मण घरांत 'बिन' क्वचितच दिसतो, तिथे 'महादेव नारायण' असे सरळ लिहिलेले असते. १९१८ च्या शेवटच्या महिन्यांतल्या मृत्यूंच्या नोंदी खास तपासा. इन्फ्लुएन्झाच्या त्या साथीने घरेच्या घरे रिकामी केली आणि एका खात्यावर दोन-तीन वारसनोंदी लागोपाठ पडल्या. एरवी जे नाते कुणी लिहिले नसते, ते त्या धांदलीत लिहिले गेले आहे.

फेरफारात नाव नाहीच मिळाले तर वतनाकडे, म्हणजे गावकामाच्या वंशपरंपरागत हक्काकडे, वळा. तुमचे आडनाव खरोखर हुद्द्यावरून आले असेल तर कुलकर्णी वतनाची नोंद हवीच. १८७४ च्या वतन कायद्याने वतनदारांची रजिस्टरे ठेवली गेली, कारण काम कोणी करायचे आणि मोबदला कोणी घ्यायचा यावरून भाऊबंदांत तंटे होत. तंटा हे वंशावळ शोधणाऱ्याचे भाग्य असते. प्रत्येक पक्षाने आपला हक्क सिद्ध करायला वंशावळ दाखल केलेली असते. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली. त्या वेळचे आदेशही वारसांची नावे देतात. मात्र प्रत्यक्ष दप्तर लिहिणारा आणि वतनाचा मालक एकच असेल असे समजू नका. पुष्कळदा मालक पुण्यात किंवा साताऱ्यात आणि गावात त्याचा गुमास्ता.

त्याही मागे इनाम कमिशन. १८५२ च्या कायद्याने इनामांची चौकशी झाली तेव्हा इनाम कोणाकडून मिळाले आणि आपल्यापर्यंत कसे आले, हे इनामदारांना कैफियतीत पिढीवार सांगावे लागले. घराण्याकडे चार बिघे इनाम असले तरी हे लागू होते. ही कागदपत्रे पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. वाई १८४८ पर्यंत सातारच्या छत्रपतींच्या राज्यात होते, म्हणून त्याआधीसाठी सातारा महाराजांचे दफ्तर. तिथे विचारताना आडनाव सांगू नका, मौजे (गाव), तर्फ (गावांचा गट) आणि प्रांत सांगा.

एक इशारा. आजोबांचे नाव नातवाला ठेवायची आपली रीत असल्याने महादेव-नारायण-महादेव-नारायण अशी साखळी सहज तयार होते, आणि दोन महादेव एकात मिसळतात. हिशेब करून पाहा. पिढीला सरासरी पंचवीस ते तीस वर्षे धरा. दोघांमध्ये पन्नास वर्षांचे अंतर निघाले तर मधला एक माणूस गळला आहे. बारा वर्षांचे निघाले तर भावाला मुलगा केले आहे किंवा दत्तक आहे. दत्तक झालेल्या माणसाच्या वडिलांचे नाव त्याच्या हयातीतच बदलते, म्हणून आधीच्या आणि नंतरच्या कागदांत तो दोन वेगळी माणसे वाटतो.

प्रश्न : आमचे आडनाव 'कर'कारान्त आहे. त्या नावाचे गाव कोकणात आहे. तिथे जाऊन चौकशी केली, पण गावात आमच्या आडनावाचे एकही घर नाही. मग आडनाव तिथून आले नाही का? (ठाणे)

उलट तेच बरोबर असण्याची शक्यता जास्त. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोण हाक मारणार? तिथे सगळेच त्या गावचे. माणूस चिपळुणातून बाहेर पडतो तेव्हा नव्या जागी 'चिपळूणकर' होतो. याला अपवाद आहेत. गोव्यात आणि दक्षिण कोकणात गावच्या नावाचे आडनाव गावातच टिकलेली घरे सापडतात. पण सर्वसाधारणपणे 'कर' म्हणजे निघून आलेला. त्यामुळे त्या गावात तुमचे भाऊबंद असतीलच तर ते दुसऱ्याच, जुन्या आडनावाने असतील. ते ओळखायचे कुलदैवत, गोत्र किंवा देवक आणि ग्रामदेवतेच्या मानपानातला वाटा यांवरून. गावच्या गुरवाला विचारा की अमुक कुलदैवताची, बाहेरगावाहून कौल लावायला किंवा पालखीला येणारी घरे कोणती.

दुसरी शक्यता अशी की गाव चुकले आहे. वडगाव, नांदगाव, पिंपळगाव, आंबेगाव ही नावे महाराष्ट्रभर विखुरलेली आहेत. आडनावावरून नकाशात गाव शोधणे हा सर्वांत मोहाचा आणि सर्वांत फसवा मार्ग. आधी कागदावरून तालुका निश्चित करा, मग गाव.

आणि आडनाव किती जुने हेही तपासा. एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच नोंदींत माणसाचे नाव, बापाचे नाव आणि गाव एवढेच असते. शाळेच्या रजिस्टरात, पलटणीत, रेल्वेत किंवा गिरणीत नाव घालताना कारकुनाने 'आडनाव काय?' विचारले तेव्हा कोणी गाव सांगितले, कोणी हुद्दा, कोणी टोपणनाव. एकाच आजोबांच्या तीन नातवांची तीन आडनावे झाल्याची उदाहरणे यातूनच होतात. कुलकर्णी, देशपांडे, पाटील, चौगुले, पोतनीस, सबनीस ही हुद्द्यांची नावे आहेत. एका गावच्या कुलकर्ण्याचा शेजारच्या गावच्या कुलकर्ण्याशी रक्ताचा संबंध असेलच असे नाही, आणि दोघांचीही मूळ उपनावे निराळी असू शकतात. (वरील पुण्याच्या वाचकांनीही हे लक्षात घ्यावे.) शिंदे, मोरे, जाधव, पवार अशी कुळांची नावे तर इतक्या जातींत पसरली आहेत की केवळ आडनाव जुळले म्हणून नाते जोडणे म्हणजे निव्वळ कल्पना.

आमचे मत स्पष्ट आहे. पुराव्यांच्या रांगेत आडनाव शेवटी. आधी गाव, मग बापाचे नाव, मग जमीन किंवा वतन.

प्रश्न : नाशिकला तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या असतात असे ऐकतो. तिथे नुसते आडनाव सांगितले तर वंशावळ मिळते का? सोबत काय न्यावे? (डोंबिवली)

नुसत्या आडनावावर नाही. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया, प्रयाग येथील उपाध्यायांची यजमानकी ठरलेली असते, आणि ती मुख्यतः गाव, जात आणि घराणे यांवर. म्हणून तिथे पहिला प्रश्न येतो, 'मूळ गाव कोणते?' ठाणे किंवा डोंबिवली सांगून उपयोग नाही. पणजोबा जिथून निघाले ते गाव, जुन्या तालुक्यासह, सांगता आले पाहिजे. कुटुंब मधल्या काळात दुसऱ्या गावी राहिले असेल तर ती दोन्ही नावे न्या.

सोबत एका कागदावर माहीत असलेल्या पिढ्या, भावांच्या नावांसह, लिहून न्या. वहीतली नोंद साधारण अशी असते: येणाऱ्याचे नाव, वडील, आजोबा, भाऊ, मुलगे, कधी बायकोचे आणि आईचे नाव, गाव, तिथी, येण्याचे कारण आणि खाली सही किंवा निशाणी. उपाध्याय आधी अलीकडची नोंद काढतात आणि तीवरून मागच्या वहीत जातात. म्हणून तुमच्या घरातले कोणी शेवटचे कधी आले होते ते आठवून ठेवा. कोणाच्या अस्थी आणल्या होत्या का, सिंहस्थात कोणी आले होते का? ते साल मिळाले तर काम अर्ध्यावर येते.

अडते कुठे? उपाध्यायांच्या घरातही वाटण्या झाल्या आणि वह्या भावाभावांत विभागल्या. एकाकडे १९२० नंतरची वही असेल, आधीची चुलत घरात. 'आमच्याकडे यापुढचे नाही' म्हटले तर 'मग कोणाकडे असेल?' हे जरूर विचारा. दुसरे, ज्यांनी यात्रा केली त्यांचीच नोंद असते. गरीब घरात दोन-दोन पिढ्या कोणीच आले नाही असे होते. तिसरे, सहीच्या वरची दोन नावे भरवशाची, कारण माणसाला बाप आणि आजोबा ठाऊक असतात. त्यावरची नावे त्याने आठवून सांगितलेली, तेव्हा ती दुसऱ्या कागदाशी ताडून घ्या.

पानाचा फोटो परवानगीशिवाय काढू नये. वह्या त्यांच्या खाजगी आहेत, सरकारी दप्तर नव्हे. यथाशक्ती दक्षिणा द्या, आणि निघण्याआधी तुमच्या घराची ताजी नोंद सर्व मुलामुलींच्या नावांसह करा. मुलींची नावे घालायला सांगावे लागते. सांगा.

प्रश्न : आमचे गाव परभणी जिल्ह्यात. आजोबांच्या पेटीत उर्दू कागद आहेत, त्यांवर 'फसली' साल आहे. एका जुन्या मोडी कागदावर तर सालच अक्षरांत, कळणार नाही अशा शब्दांत आहे. शिवाय घरी येणारा भाट आमची वंशावळ थेट राजघराण्याला नेऊन भिडवतो. कशावर विश्वास ठेवायचा? (परभणी)

आधी सालांचे बघू. हे गणित पाठच केलेले बरे.

शके सालात ७८ मिळवा की इसवी सन येतो, पण पौष-माघ-फाल्गुनातल्या ज्या तारखा १ जानेवारीनंतर पडतात त्यांत ७९. म्हणजे शके १७७५ चा माघ हा १८५४ च्या सुरुवातीचा, १८५३ चा नव्हे. एका वर्षाची ही चूक छापील कुलवृत्तांतांतही सर्रास दिसते.

दख्खनच्या फसली सालात वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांना ५९० मिळवा आणि जानेवारीपासून पुढच्यांना ५९१. जुने फसली साल मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, लागत असे. निजामाच्या राज्यात पुढे ते ऑक्टोबरात सुरू होई. महिन्याचे नाव आजूर, दै, बहमन असे असेल तर ते ऑक्टोबरवाले साल समजा. फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८, हैदराबाद संस्थानातल्या पोलिस कारवाईचे साल. पडताळ्यासाठी हा खुंटा लक्षात ठेवा.

अक्षरांतले साल ते शुहूर सन, म्हणजे मराठी कागदांतला 'अरबी' सन. 'खमस सबैन मया व अलफ' म्हणजे पाच, सत्तर, शंभर आणि हजार, मिळून ११७५. त्यात जून ते डिसेंबरसाठी ५९९, जानेवारी ते मेसाठी ६०० मिळवा: १७७४-७५. इथे 'सबा' म्हणजे सात आणि 'सबैन' म्हणजे सत्तर हा फरक निसटला तर कागद साठ-सत्तर वर्षे मागेपुढे सरकतो. तारखेच्या आधीचे 'छ' हे चंद्राचे, म्हणजे मुसलमानी महिन्याच्या तारखेचे चिन्ह.

मराठवाड्यात मागे जाण्याचा पायाचा दगड म्हणजे १९५४-५५ चे खासरापत्रक. ते मराठीत वाचता येते आणि तहसीलमध्ये मिळते. त्यावरून सर्व्हे नंबर आणि तेव्हाचा कब्जेदार पक्का करा. मग त्याच नंबरासाठी निजामकाळचे उर्दू कागद. उर्दू वाचणाऱ्याला सगळा गठ्ठा देण्याऐवजी गाव, सर्व्हे नंबर आणि दोन नावे लिहून द्या, तो नेमके तेवढे शोधील. १९५१ च्या नागरिकांच्या राष्ट्रीय रजिस्टरातही घरातल्या माणसांची नावे आहेत, मिळाले तर जरूर पाहा. जनगणनेचे कागद मात्र मागू नका. १८७२ पासूनच्या जनगणनांचे आकडे छापले गेले, पण घरोघरच्या नावांच्या याद्या संशोधकाला मिळत नाहीत.

आता भाट. मराठवाडा-विदर्भात भाट आणि कोल्हापूर-सांगली-बेळगाव पट्ट्यात हेळवी, या दोघांच्या चोपड्यांना हसण्यावारी नेऊ नये. अलीकडच्या चार-पाच पिढ्यांत त्यांची नावे, भावांचा क्रम, कोण कोणत्या गावी गेला हे अनेकदा सात-बारापेक्षा नेमके असते, कारण ते दर काही वर्षांनी येऊन नव्या जन्मांची भर घालतात. त्याही वर मात्र यजमानाला खूश करण्याचा मोह सुरू होतो. तुमचा भाट राजघराण्याशी नाते जोडतो तो नेमका कोणत्या पिढीत, ते पाहा. त्या पिढीच्या खालच्या बाजूची नावे ठेवा, वरची पेन्सिलने लिहा.

प्रश्न : आम्ही नगर जिल्ह्यातले, १९५६ पासून बौद्ध. आजोबांच्या आजोबांचे नाव 'सिदनाक' एवढेच सांगतात. आमचे आडनाव तर शाळेत लागलेले. आमच्यासारख्यांना कागद मिळतील का? (संगमनेर)

मिळतील, आणि पुष्कळ उच्चवर्णीय घरांपेक्षा सलग मिळण्याची शक्यता आहे. कारण महार वतन.

'नाक' हा नावाचा शेवट एकोणिसाव्या शतकात महार पुरुषांच्या नावांना सर्रास लागत असे. १८१८ च्या लढाईच्या कोरेगाव भीमा येथील स्तंभावर कोरलेल्या नावांतही तो दिसतो. म्हणजे 'सिदनाक' हे संपूर्ण नाव धरा आणि कागदांत ते 'सिदनाक बिन रामनाक' अशा रूपात शोधा. आजचे आडनाव घेऊन बसू नका.

गावकामाच्या मोबदल्यात मिळालेली वतनी जमीन, हाडकी-हाडोळा, सरकारी दप्तरात इनाम वर्ग ६-ब म्हणून नोंदली आहे. तुमच्या गावच्या जुन्या सात-बारावर आणि फेरफारांत हा शेरा असलेले सर्व्हे नंबर काढा. वतन एका माणसाचे नसे, सबंध भावकीचे असे, आणि काम पाळीने फिरे. त्यामुळे एकाच नोंदीत दहा-वीस नावे बापांच्या नावांसह येतात. त्यांतून तक्षिमा, म्हणजे शाखा, वेगळ्या करून कागदावर मांडा. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात ज्या वतनपद्धतीविरुद्ध विधेयक आणले, तिचेच हे दप्तर. वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली आणि जमिनी नवीन अविभाज्य शर्तीवर (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता किंवा वाटता येणार नाहीत अशा) परत देण्यात आल्या. त्या पुनर्प्रदानाच्या आदेशांत जुन्या वतनदारांचे वारस नावानिशी आहेत. तुमच्या आजोबांचे नवे आडनाव आणि जुनी 'नाक' नावे यांना जोडणारा पूल बहुधा याच कागदात सापडेल.

जोडीला गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक. जन्ममृत्यूच्या या वहीत बापाचे नाव आणि जात असते. जन्मलेल्या बाळाचे नाव पुष्कळदा नसते, नुसते 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच. तेव्हा बापाच्या नावाने शोधा. शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरातली जन्मतारीख मात्र जपून घ्या. निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्मलेला आहे तो गुरुजींच्या कृपेने.

प्रश्न : माझ्या पत्नीचे घराणे मॉरिशसचे, मराठी. त्यांचे आडनाव म्हणजे एका माणसाचे पाळण्यातले नाव वाटते. पूर्वज रत्नागिरीकडून गेले असे सांगतात. गाव शोधता येईल का? (मुंबई)

येईल, पण सुरुवात रत्नागिरीत नव्हे, मॉरिशसमध्ये करावी लागेल. तुमचा अंदाज बरोबर आहे. गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर परदेशी नेलेल्या मजुरांच्या, वंशजांत मूळ पुरुषाचे नावच पुढे आडनाव झाल्याची असंख्य उदाहरणे आहेत. म्हणून कोकणात ते आडनाव शोधणे व्यर्थ.

मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आप्रवासी भारतीयांची रजिस्टरे जपली आहेत. उतरलेल्या प्रत्येक मजुराला एक आप्रवासी क्रमांक मिळे, आणि पुढचे सारे कागद त्या क्रमांकावर चालत. तो मिळवायचा तर पत्नीच्या आजोबांच्या जन्मदाखल्यापासून एकेक पिढी मागे जा. मॉरिशसची नागरी नोंदणी यासाठी चांगली आहे, जुन्या दाखल्यांवर हा क्रमांक लिहिलेला सापडतो. रजिस्टरात नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, जहाज, पोचल्याची तारीख आणि मूळ ठिकाण असे रकाने आहेत. १८६० च्या दशकापासून काहींचे फोटोही आहेत.

अडचण येते ती गावाच्या नावात. परदेशी कारकुनाने कानाला जसे ऐकू आले तसे रोमन लिपीत उतरवले. ते स्पेलिंग डोळ्यांनी वाचू नका, मोठ्याने उच्चारा, आणि मालवणी किंवा संगमेश्वरी बोली बोलणाऱ्या माणसाला ऐकवा. पुष्कळदा गावाच्या जागी तालुका किंवा बंदर लिहिलेले असते: मालवण, राजापूर, वेंगुर्ले. सावंतवाडी असेल तर ते वेगळे संस्थान होते, म्हणून तिथले दप्तर निराळे. आणि आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली रत्नागिरीतून निघाला, तेव्हा घरातल्या आठवणीतले 'रत्नागिरी' म्हणजे आजचे कुडाळ किंवा देवगडही असू शकते.

प्रश्न : वंशावळीत सगळे पुरुषच. पणजीचे माहेर शोधण्याचा काही मार्ग? (नागपूर)

कठीण आहे. जमिनीच्या कागदांत स्त्री येते ती विधवा म्हणून, सासरच्या नावाने. तरी चार जागा पाहा. छापील कुलवृत्तांतांत सुनांचे माहेरचे नाव आणि वडील देण्याची पद्धत आहे. तुमच्या घराण्याचा नसला तरी पणजीच्या माहेरचा कुलवृत्तांत असू शकतो, त्यात ती 'कन्या' म्हणून, तुमच्या आडनावाच्या घरी दिलेली, अशी सापडेल. श्राद्धाच्या यादीत मातामह आणि त्याचे वडील असतात, पणजोबांच्या मुलाने वापरलेली यादी मिळाली तर तोच पणजीचा बाप. तीर्थोपाध्यायांच्या वहीत कधी मामाचे नाव येते. आणि पणजी अज्ञान मुलांची पालनकर्ती झाली असेल तर त्या काळच्या कोर्टाच्या किंवा वाटणीच्या कागदात साक्षीदार म्हणून तिच्या भावाची सही पाहा. साक्षीदारांच्या सह्या कोणी वाचत नाही. वाचाव्यात.

प्रश्न : मोडी शिकल्याशिवाय हे काम होणारच नाही का? (कोल्हापूर)

विसाव्या शतकातले बरेच काम होईल, त्यामागचे नाही. पण पूर्ण मोडी येण्याची गरज नसते. आपल्या गावाचे नाव, चार-सहा पूर्वजांची नावे, 'बिन', 'मौजे', 'मयत', 'वारस', 'दत्तक' आणि आकडे एवढे डोळ्यांना ओळखता आले की शंभर पानांतून कामाची तीन वेगळी काढता येतात, आणि तेवढीच जाणकाराकडून वाचून घ्यायची. राज्याच्या पुराभिलेख विभागातर्फे मोडीचे वर्ग होतात आणि तुमच्या कोल्हापुरातच पुराभिलेखागार आहे, तिथे चौकशी करा. वाचून घेताना मजकुराचा सारांश घेऊ नका, ओळीस ओळ देवनागरी लिप्यंतर मागा. सारांशात 'भाऊ' आणि 'चुलतभाऊ' एक होतात. तुमचे घराणे करवीर संस्थानात होते की सांगली-मिरजेच्या, हे जाण्याआधी नक्की करा. ही संस्थाने १९४८-४९ मध्ये विलीन होईपर्यंत प्रत्येकाचे दप्तर स्वतंत्र होते, आणि शेजारच्या दोन गावांचे कागद दोन वेगळ्या ठिकाणी असू शकतात.